हौशे, नवशे आणि गवशे : मोबाइलवरील खेळांची जत्रा

व्हिडिओ गेम हा विषय कामगार संघटनेच्या माणसाने का घ्यावा, अशी शंका व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलून दाखवली, आणि ती रास्तच होती. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे वाचन तालुक्याच्या वाचनालयातले आणि एस.टी.च्या प्रवासातले. संगणकशास्त्रात आमचा काही अधिकार नाही. परंतु दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, आणि त्यांच्या कोप्यांवर आमचे जाणे-येणे असते. २०१६ साली जिओ आल्यापासून इंटरनेट स्वस्त झाले. आता फडातून परतलेली पोरे भाकरी होईपर्यंत चुलीच्या उजेडात मोबाइलवर लढाया खेळताना दिसतात.

गेल्या हंगामात अशाच एका कोपीवर एका मुलाने उचलीतले सहा हजार रुपये खेळातल्या बंदुकीवर घातले. त्याची आई आमच्याकडे आली. ती रडली नाही, रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "भाऊ, सहा हजाराची बंदूक घेतली म्हणतो, पर ती हाय कुठं?" आम्ही हिशेब केला. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. म्हणजे ती बंदूक सोळा टनांहून अधिक उसाची झाली. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतो, तेव्हा दोघांचे आठ दिवसांचे श्रम त्या बंदुकीत गेले. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांला देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचले, विचारले आणि पोरांच्या शेजारी बसून पाहिले, ते येथे मांडतो.

आपल्याकडे म्हणतात, जत्रेत तीन प्रकारची माणसे येतात : हौशे, नवशे आणि गवशे. हौशे गंमत पाहायला येतात, नवशे नवस फेडायला, आणि गवशे काही गवसते का ते बघायला. खेळांच्या बाजारातही हेच तिघे आहेत. एस.टी.ची वाट पाहताना पाच मिनिटे खेळणारा हौशा. दोन-दोन वर्षे सराव करून खेळाची प्रत्येक खोच जाणणारा नवशा. या दोघांना एकाच मांडवात नांदवणे हा या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न समजला जातो.

अवघड का, ते पाहा. मोबाइलवरचे बहुतेक गाजलेले खेळ फुकट मिळतात. मग कंपनीचे पोट कशावर चालते? काही उत्पन्न जाहिरातींतून येते. उरलेल्यासाठी बहुसंख्य खेळाडू एक पैसाही देत नाहीत आणि थोडे खेळाडू पुष्कळ पैसे देतात. अशा मोठ्या गिऱ्हाइकाला धंद्याच्या बोलीत 'व्हेल', म्हणजे देवमासा, म्हणतात. मात्र फुकट खेळणारा निरुपयोगी असतो असे नाही. शंभर जणांची लढाई भरवायची तर शंभर माणसे हवीत, आणि ती हौशांतूनच येतात. हौशा उठून गेला तर नवशाला हरवायला कोणी उरत नाही. नवशा गेला तर खेळ शिकवणारा, मित्रांना ओढून आणणारा आणि पदरचे पैसे देणारा जातो. दोघांची गरज अशी एकमेकांत गुंतलेली, पण इच्छा उलट्या. हौशाला आज बसून आजच जिंकायचे असते. नवशा विचारतो, कालचा पोर आज जिंकणार असेल तर माझ्या सरावाची किंमत काय?

यावरचा पहिला उपाय आपल्या जत्रांना फार जुना आहे. कुस्त्यांचा फड लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू होतो, आणि मानाची कुस्ती सर्वांत शेवटी लागते. पंच वजन, वय आणि तयारी पाहून जोड लावतात. बेजोड कुस्ती लावली तर लोक ओरडतात, कारण तीत जिंकणाऱ्याला मान नाही आणि हरणाऱ्याला न्याय नाही. मोबाइलवरचा खेळ हीच जोड आकड्यांनी लावतो. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे आर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंचे बळ मोजण्याची रीत बसवली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. जिंकलात की गुण वाढतात, हरलात की घटतात, आणि बलाढ्याला हरवलेत तर अधिक वाढतात. आजच्या अनेक खेळांची जोड याच कल्पनेवर लागते. पबजीसारख्या खेळांत तर नवख्याच्या पहिल्या सामन्यांत संगणकच चालवीत असलेली बुजगावणी पेरलेली असतात. चार बुजगावणी पाडली की नवख्याला हुरूप येतो.

दुसरा उपाय नशिबाचा. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली 'लुडो किंग' आणला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला. फासा कोणाला ओळखत नाही, म्हणून आजी नातवाला हरवू शकते. पण नुसत्या फाशावर नवशा फार काळ रमत नाही. सोंगटी कोणती हलवायची, एवढे कौशल्य त्यात ठेवावेच लागते.

तिसरा उपाय एकाच खेळात जिंकण्याच्या वाटा अनेक ठेवण्याचा. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. या जातीच्या लढाईत शेवटपर्यंत उरेल तो जिंकतो, असा नियम असतो. 'इंडस'मध्ये त्याच्या जोडीला 'कॉस्मियम' नावाचे द्रव्य ताब्यात घेऊन जिंकण्याची दुसरी वाट आहे. नेम कच्चा असला तरी डोके चालवणाऱ्याला तेथे आशा राहते. एकट्याने खेळायच्या 'सेलेस्ट' या २०१८ च्या खेळात तर थकलेल्या खेळाडूला खेळाचा वेग कमी करून घेता येतो. त्याने नवशाचे काही हरवत नाही, कारण त्याची अवघड चढण तशीच उभी असते.

तोल गेला की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. जपानची निन्टेंडो कंपनी १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघाली. तिने २००६ साली 'वी' हे यंत्र काढले. हात हलवून खेळायचे म्हणून म्हातारी माणसेही ते खेळू लागली, आणि दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. २०१२ चे पुढचे यंत्र 'वी यू' दीड कोटीलाही पोचले नाही. त्याला कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, हौशा तोवर मोबाइलकडे वळला होता आणि नवशाला पुरेसे खेळ मिळत नव्हते. दुसरे उदाहरण २०१७ चे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या 'बॅटलफ्रंट २' या खेळात नामांकित योद्धे मिळवायला तासन् तास झिजावे लागे, आणि नशिबाच्या पेट्या विकत घेऊन बळ वाढवण्याची सोयही होती. खेळाडू इतके खवळले की अधिकृत प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीने ती विक्री थांबवली. पुढे २०१८ मध्ये खरेदी परत आली, ती केवळ पोशाखांपुरती.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. नवशाला पोशाख विकला तर जोड बिघडत नाही. झगमगीत फेटा बांधला म्हणून पैलवानाचा डाव बळकट होत नाही. बळच विकले की पंच फितूर झाला. मग हौशा पैशापुढे हरतो आणि नवशाचा सराव मातीमोल होतो. कोपीवरच्या त्या मुलाने फेटा घेतला नव्हता, बळ घेतले होते. तो रोज हरत होता, आणि हरण्यावरचा इलाज दुकानात टांगलेला होता.

राहिले गवशे. पैसे लावून पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ यांना वेगळे स्थान दिले. कायदा स्वागतार्ह आहे, परंतु फुकट खेळातले हे बळाचे दुकान पैजेत मोडत नाही. तेथे आपल्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतील.

आणि हा तोल आम्हांला तरी कुठे साधला होता? आमच्या सभा एके काळी तीन-तीन तास चालत. ठराव, दुरुस्त्या, कलमे. कार्यकर्ते खूश होते. बाया मात्र पोरे झोपली की उठून जात. एका सभेला अकरा माणसे उरली आणि ती अकराही कार्यकर्तीच होती. तेव्हापासून उचल, दर आणि दवाखाना हे तीन विषय आम्ही पहिल्या अर्ध्या तासात घेतो. कलमांचा कीस काढणारे मागाहून थांबतात.

त्या आईला आम्ही पुढे उत्तर दिले : बंदूक कंपनीच्या संगणकात आहे. ती विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, आणि खेळ बंद पडला की तीही जाते. मुलगा शेजारीच बसला होता. त्याला आम्ही खेळ सोडायला सांगितले नाही. दिवसभर ऊस तोडणाऱ्याला रात्री अर्धा तास खेळावेसे वाटले तर त्यात वावगे ते काय? आम्ही एवढेच म्हणालो, "बाबा, जिथे जोड विकत मिळते त्या फडात उतरू नको." त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला आणि विचारले, "भाऊ, मग यातला कोणता खेळू?"

त्या रात्री आम्ही दोघे एकेका खेळाचे दुकान उघडून पाहत बसलो. कोठे पोशाख आहे, कोठे बळ आहे, ते त्यानेच आम्हांला दाखवले.