वॉशिंग मशीनमागचा कॉक

नकाशा बघितला तर पेण आणि रोह्याला पाण्याची ददात असेल असं कुणाला वाटणार नाही. रोह्याजवळून कुंडलिका बारमाही वाहते, कारण मुळशी धरणाचं पाणी १९२७ सालापासून टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून घाटाखाली उतरून तिला मिळतं. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं. त्याच तालुक्यातल्या खाडीकाठच्या खारेपाटात मात्र उन्हाळा आला की टँकरची वाट बघत बसायचं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ते हेच. ज्यांच्या घरी नळ आहे त्यांचंही पाणी ठरल्या वेळी येतं, गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग दिवसभर तेच पुरवायचं. वॉशिंग मशीनच्या बऱ्याच तक्रारी या टाकीपासून सुरू होतात, आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी त्या घरच्या घरी ओळखता येतात.

टाकीचं पाणी किती जोराने येईल हे टाकी केवढी आहे त्यावर ठरत नाही, ती किती उंच आहे त्यावर ठरतं. पाण्याची पातळी नळाच्या दहा मीटर वर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे मीटरमागे ०.१ बार. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब बहुतेक वेळा ०.३ ते ०.५ बार लिहिलेला असतो. म्हणजे निदान तीन ते पाच मीटर उंची हवी. दुमजली घरात तळमजल्याला ती सहज मिळते. वरच्या मजल्याचं गणित मात्र काठावरचं असतं. नळापासून स्लॅब दोनेक मीटरवर, त्यावर टाकी थेट टेकलेली आणि टाकीत मीटरभर पाणी. टाकी भरलेली असेल तर कसेबसे तीन मीटर, तळाला गेली की दोन. म्हणून सकाळी नीट चाललेली मशीन दुपारी मध्येच थांबते आणि एरर दाखवते. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ दिसतं, सॅमसंगच्या मशीनवर ‘४सी’ किंवा ‘४ई’. अर्थ एकच: ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही. अशा वेळी आधी गच्चीवर जाऊन टाकी बघावी.

दाब कमी पडला की पाणी हळू येणार, हे कुणीही सांगेल. पण कमी दाबाने पाणी बंदही नीट होत नाही, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी मशीनच्या आतला व्हॉल्व्ह समजून घ्यायला हवा. मागच्या बाजूला जिथे पाइप बसतो, तिथेच आत तो असतो. वर तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यात स्प्रिंगने खाली दाबलेला छोटा लोखंडी प्लंजर, आणि खाली रुपयाएवढा रबरी पडदा. या पडद्याला दोन भोकं असतात. एक मधोमध, त्यावर प्लंजर टेकलेला. दुसरं कडेला, सुईच्या टोकाएवढं. कॉइल बंद असते तेव्हा कडेच्या भोकातून पाणी पडद्याच्या वर जाऊन साठतं. वरून ते सगळ्या पडद्यावर दाबतं, खालून फक्त कडेच्या गोल पट्टीवर. साहजिकच वरचा जोर जास्त होतो आणि पडदा घट्ट बसतो. मशीनने कॉइलला वीज दिली की प्लंजर उचलला जातो, मधलं भोक मोकळं होतं, वरचं पाणी भराभर निघून जातं. बारीक भोकातून ते तेवढ्या वेगाने भरून येत नाही, म्हणून खालचं पाणी पडदा उचलून आत शिरतं. कॉइलचं काम एवढंच. व्हॉल्व्ह उघडण्याचं आणि मिटण्याचं खरं काम पाण्याचा दाबच करतो.

पेण-रोह्याकडच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा इथे होतो. दाब अगदीच कमी असेल तर पडदा पुरता दाबला जात नाही आणि बंद मशीनच्या ड्रममध्ये थेंब थेंब पाणी उतरत राहतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यातला बारीक गाळ त्या कडेच्या भोकात अडकला तर पडद्यावर पाणी साठतच नाही. एकदा उघडलेला व्हॉल्व्ह मग मिटायला तयार होत नाही. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर पडद्याच्या बैठकीवर पांढरी खरपुडी धरते, आणि तीही फट ठेवते.

दोष कुठे आहे हे शोधायची एक सोपी परीक्षा आहे. मशीनमध्ये पाणी येत राहिलं तर प्लग काढा. तरीही पाणी येतच असेल तर व्हॉल्व्ह अडकला आहे. प्लग काढताच थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, गडबड आतल्या सर्किटची किंवा पाण्याची पातळी मोजणाऱ्या स्विचची आहे. उलट पाणी येतच नसेल तर मशीन सुरू करून मागे कान द्या. बारीक घूं ऐकू येत असेल तर कॉइल जिवंत आहे. कॉक, टाकी आणि मशीनला पाइप जोडतो तिथली जाळी तपासा. काहीच आवाज नसेल तर मेकॅनिक बोलवा. मशीन उघडून विजेला हात लावायचा नाही.

जाळी साफ करणं हे घरचं काम आहे, आणि पावसाळ्यात ते महिन्यातून एकदा तरी व्हावं. आधी कॉक बंद करा. मग मशीन काही सेकंद भरायला लावून पाइपातलं पाणी सोडवा आणि प्लग काढा. खाली टब ठेवून पाइपचा प्लास्टिकचा नट हाताने सोडा. आत दिसणारी जाळी मधल्या दांडीला पक्कड लावून हलकेच बाहेर ओढा आणि जुन्या टूथब्रशने नळाखाली घासा. खरपुडी असेल तर थोडा वेळ लिंबाच्या पाण्यात ठेवा. फाटली असेल तर नवी आणा. जाळीशिवाय एक दिवसही मशीन चालवू नये, कारण त्या सुईएवढ्या भोकाचं रक्षण हीच जाळी करते. नट परत बसवताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा आणि नट हातानेच आवळा. इथे टेफलॉन टेप लागत नाही. पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. पान्ह्याने आवळलेले नट तडकतात.

टेप लागते ती भिंतीतल्या आट्यांना, कॉक बसवताना. कॉक निवडताना उघडल्यावर पूर्ण भोक मोकळं होणारा बॉल व्हॉल्व्ह मला सगळ्यात बरा वाटतो. काही अँगल कॉक आतून इतके अरुंद असतात की आधीच कमी असलेला दाब तिथेच मार खातो. मशीनच्या नळीला पाऊण इंची आटे लागतात, घरची लाइन बहुधा अर्धा इंची असते. तेव्हा जोड आधी बघून घ्या. आणि हा कॉक मशीनच्या पाठीमागे लपवू नका. हात घातला की सापडेल अशा जागी, बाजूला घ्या. धुणं झालं की तो बंद करायचा. टाकीवर चालणाऱ्या घरात आतला व्हॉल्व्ह दाबाच्या भरवशावर मिटतो, बाहेरचा तुमच्या हाताने.

वरच्या मजल्यावर दाब खरोखरच पुरत नसेल तर टाकीखाली चौथरा बांधून ती उंच करणं हा टिकाऊ उपाय आहे. त्याबरोबर मशीनला टाकीपासून वेगळी लाइन द्यावी. तेही शक्य नसेल तर टाकीच्या पुढे छोटा प्रेशर पंप. नगरपालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं मात्र चुकीचंच: शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं आणि जमिनीत पाइप फुटका असेल तर गटाराचंही. पंप लावल्यावर व्हॉल्व्ह मिटताना पाइपात धाडकन आवाज येऊ लागला तर पंपाचा दाब कमी करून घ्या आणि पाइप भिंतीला क्लॅम्पने पक्के करा. धक्क्यांनी सांधे सैल होतात.

गणपतीपुरती उघडणारी आणि मग मुंबईकरांच्या कुलपात राहणारी घरं या भागात पुष्कळ आहेत. अशा घरात निघताना कॉक बंद करा, नळी मशीनपासून सोडून पाणी काढून टाका. परत आल्यावर जोडण्याआधी नळीचं तोंड बादलीत धरून कॉक उघडा. पाइपात धरलेली हवा आणि साठलेला तांबूस गाळ निघून स्वच्छ पाणी येऊ लागलं की मगच नळी मशीनला लावा.