पिळदार दंडांची परीक्षा

गावच्या मैदानावर ‘श्री’ किताबाची शरीरसौष्ठव स्पर्धा असली की मंडप गच्च भरतो. फ्लेक्स, पुढाऱ्यांची भाषणं, शिट्ट्या, सगळं असतं. पण मैत्रिणींनो, त्याच मंचावर एखादी बाई उभी राहिली तर? तिच्या मेहनतीचं कोणी विचारत नाही. ‘ही बाईसारखी दिसते का?’ हाच पहिला प्रश्न. आणि हा प्रश्न काही आपल्याच गावचा नाही. हा खेळ जिथे वाढला, त्या अमेरिकेतही तो वर्षानुवर्षं विचारला गेलाय.

तिथं पूर्वी पुरुषांच्या स्पर्धेला जोड म्हणून बायकांची सौंदर्यस्पर्धा ठेवत. स्नायूंना त्यात किंमत नसे. १९७७ साली ओहायो राज्यातल्या कँटन शहरात हेन्री मॅकगी यांनी बायकांची स्पर्धा पुरुषांच्याच कसोट्यांवर घेतली आणि खरी सुरुवात झाली. १९८० मध्ये फिलाडेल्फियात पहिली ‘मिस ऑलिंपिया’ भरली. जिंकली रेचल मॅकलिश.

पण स्नायू वाढले तशी परीक्षकांची पंचाईत झाली. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस उतरली. मूळची ती वजन उचलणारी खेळाडू. तिच्याइतके स्नायू मंचावर कुणाचेच नव्हते, तरी तिला आठवा नंबर मिळाला! पहिली आली कार्ला डनलॅप. १९८५ साली आलेल्या ‘पंपिंग आयर्न टू : द विमेन’ या माहितीपटात ही सगळी कथा आहे. बाईनं किती बलदंड व्हायचं, यावर पंचांमध्येच जुंपलेली त्यात दिसते. पुढे २००५ पासून तर आंतरराष्ट्रीय महासंघानं बायकांना स्नायू वीस टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. आधी घाम गाळून कमवा, मग जरा जास्तच झालं म्हणून कमी करा! पुरुषाला असं कोणी सांगितलं असतं का?

दुसरी अडचण पैशाची. खेळ नुसत्या हौसेवर चालत नाही, त्याला प्रेक्षक आणि पाठीराखे लागतात. १९९९ मध्ये तिकिटं खपेनात म्हणून ‘मिस ऑलिंपिया’ ऐन तोंडावर रद्द झाली. चाहत्यांनी ओरड केली, दुसरे आयोजक पुढे आले आणि स्पर्धा पार पडली. २०१४ नंतर मात्र ती बंदच केली. आयरिस काइल या खेळाडूनं तिथं तब्बल दहा किताब मिळवले होते, तरीसुद्धा! पण खेळाडू गप्प बसल्या नाहीत आणि त्यांना पाठीराखाही मिळाला. २०१५ मध्ये जेक वूड या उद्योजकानं ‘रायझिंग फिनिक्स’ ही वेगळी स्पर्धा सुरू केली. पुढे ऑलिंपियाचा कारभारच त्यांच्याकडे आला आणि २०२० मध्ये बायकांचा किताब परत सुरू झाला. एकानं मनावर घेतलं तर काय होतं, ते यातून कळतं.

आपल्याकडेही या वाटेनं बायका गेल्यात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत काम करणाऱ्या दीपिका चौधरी यांनी ‘फिगर’ प्रकारात व्यावसायिक खेळाडूचा दर्जा मिळवला. नोकरी सांभाळून केलेली ही साधना आहे.

महिला मंडळात हा विषय काढला की हमखास कोणीतरी म्हणतं, “अहो ताई, वजनं उचलली तर पोरीचे दंड गड्यासारखे होतील, मग लग्न कसं जमायचं?” तर ऐका. पुरुषांमध्ये स्नायू वाढवणारं जे संप्रेरक असतं, ते बाईच्या शरीरात फार थोडं असतं. चार महिने डंबेल्स उचलून कोणाचे दंड तसे होत नाहीत. मंचावर दिसतं ते शरीर वर्षानुवर्षांच्या कष्टाचं असतं. काही जणी त्यासाठी औषधं घेतात, हेही खरं, आणि ती घातक असतात. आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते. म्हणून मुलीला जिममध्ये जरूर पाठवा, पण कोणी गोळी-इंजेक्शन सुचवलं तर सरळ नाही म्हणायला शिकवा.

आणि आपलं स्वतःचं काय? चाळिशीनंतर आपली हाडं ठिसूळ व्हायला लागतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. गुडघे, पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊनही सुरुवात करता येते.

गावात शरीरसौष्ठवाची स्पर्धा ठरली, तर आयोजकांना एवढंच विचारा, “बायकांचा गट आहे का?” असेल तर लेकी-सुनांना घेऊन पुढच्या रांगेत बसा. ‘बाईसारखी दिसते का’ हा प्रश्न तिथं कुजबुजला जाईलच. तो ऐकू येऊ नये इतक्या जोरात टाळ्या वाजवणं तर आपल्या हातात आहे!