अपुऱ्या कामाचा वारसा
श्रद्धा आणि समाज : लेखांक सहावा

राजवाड्यात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे राज्य होते तेव्हा, 1877 मध्ये, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशन इंदुरात आले. शहरात जाहीर उपदेश करण्यावरून दरबाराशी त्यांचे खटके उडत राहिले. 1887 मध्ये याच मिशनने उच्च शिक्षणाचे काम हाती घेतले आणि त्यातून इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. आज बाप्तिस्म्यांच्या संख्येवरून हिशेब मांडला तर हाती फारसे लागत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोक शेकडा अर्धासुद्धा नाहीत. पण त्या कॉलेजात शिकलेल्यांचा हिशेब मांडला तर चित्र पालटते, आणि त्यांतले बहुसंख्य कधीच ख्रिस्ती नव्हते. किशोर कुमार त्यांच्यापैकीच एक. ख्रिस्ती मंडळ्यांमधून नेहमी ऐकू येते की विश्वासणाऱ्यांच्या घरात प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून अधिक काही करून दाखवते. या म्हणण्याची पारख करायची तर आधी ‘अधिक’ कशाने मोजायचे, हे ठरवावे लागेल.

या म्हणण्याला आधार म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय दाखवला जातो. आपल्याहून मोठी कामे तुम्ही कराल, असे येशू तिथे शिष्यांना सांगतो. पगार, बंगला, परदेशातली नोकरी यांचा त्या प्रसंगाशी काही संबंध नाही. बोलणारा दुसऱ्या दिवशी मरणार आहे, त्याचे काम एका लहानशा प्रांतात जेमतेम सुरू झालेले आहे आणि ऐकणारे घाबरलेले आहेत. त्यांच्या हाती अपुरे काम सोपवले जात आहे. पुढच्या पिढीची थोरवी इथे मागच्या पिढीच्या अपुरेपणाशी जोडलेली आहे, आणि माझ्या मते मोजमाप तिथूनच घ्यायला हवे.

मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण टिळकांच्या घरात सापडते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये, मधली वर्षे वेगळे राहून आणि स्वतःच्या मनाशी झगडून. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले, पण 1919 मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’चे थोडेच अध्याय झाले होते. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लग्नाआधी त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्याही 1936 मध्ये गेल्या, तेव्हा ग्रंथाचा शेवट मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राची, ‘स्मृतिचित्रे’ची, गोष्टही अशीच. ती देवदत्तांच्या ‘संजीवनी’ या नियतकालिकात क्रमशः आली आणि नातू अशोक देवदत्त टिळकांनी पुढे तिची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. यातली कोणती पिढी श्रेष्ठ, हा प्रश्नच उभा राहत नाही. कवी म्हणून नवऱ्याची कीर्ती मोठी होती. गद्यात मात्र बायको त्याच्या कितीतरी पुढे गेली, असे मी निःसंकोच म्हणेन.

यावर पहिला आक्षेप असा की टिळक ब्राह्मण होते, विद्या घरात होतीच, मग श्रेय धर्माला कशाला? टिळकांपुरता तो मला मान्य आहे. लक्ष्मीबाईंना तो लागू पडत नाही, कारण त्याच जातीत, त्याच काळात असंख्य बायका निरक्षर राहिल्या. त्यांना अक्षरे नवऱ्याने धर्मांतराआधीच शिकवायला घेतली हे खरे. पण लिहिणाऱ्या बाईची ज्याला गरज होती असा समाज त्यांना मिळाला तो नंतर. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे, ही प्रोटेस्टंट पंथाची अपेक्षा. मॅक्स वेबरने प्रोटेस्टंटांच्या भरभराटीचे मूळ त्यांच्या कामाविषयीच्या वृत्तीत शोधले होते. 2009 मध्ये साशा बेकर आणि लुडगर व्होसमन या अर्थशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाची आकडेवारी तपासून दाखवले की त्या भरभराटीचा बराचसा उलगडा साक्षरतेने होतो. आपल्याकडे 2001 च्या जनगणनेत देशातल्या एकूण स्त्रियांपैकी 53.7 टक्के साक्षर होत्या, ख्रिस्ती स्त्रियांपैकी 76.2 टक्के. केरळ आणि ईशान्येचा या आकड्यावर मोठा प्रभाव आहे, म्हणून तो मराठी ख्रिस्ती घरांना जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र तो दाखवतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हे सारे ख्रिस्ती नसतानाही घडते. इंदुराजवळच्या महूला, जिथे कॅनडाच्या मिशनचेही काम होते, 1891 मध्ये डॉ. आंबेडकर जन्मले. त्यांच्या मागून बौद्ध झालेल्या समाजाची साक्षरता त्याच 2001 मध्ये 72.7 टक्के होती, तर देशातल्या अनुसूचित जातींची एकूण 54.7 टक्के. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण त्याने माझे म्हणणे अधिक नेमके होते. पिढीला उचलणारी श्रद्धा आपल्या माणसांकडून काही मागते. मुलगी शाळेत गेलीच पाहिजे, पुस्तक वाचता आलेच पाहिजे, असे बजावते. ही मागणी एका धर्माच्या मालकीची नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि बाप्तिस्मा न घेता ती मागणी कितीतरी पुढे घेऊन गेले.

ख्रिस्ती मंडळ्यांनी स्वतःला विचारावा असा प्रश्न याहून वेगळा आहे: मागच्या पिढीने हात कधी आवरता घेतला? टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनपासून वेगळे होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो भारतीय माणसाला आपल्या श्रद्धेचा कारभार आपल्या रीतीने करता यावा म्हणून. मालव्यातली मंडळी ज्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होती, ते चर्च इतर पाच चर्चांबरोबर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. पहिले मिशनरी इंदुरात उतरल्याला तेव्हा 93 वर्षे झाली होती. शाळा आणि दवाखाने लवकर निघाले, अधिकार फार सावकाश हाती आले. या उशिराने मधल्या पिढ्यांची उमेद खच्ची केली, असे माझे स्पष्ट मत आहे. पगार देणाऱ्याच्या संमतीवाचून ज्यांना काही ठरवता येत नव्हते, त्यांनी मुलांना नोकरी सांभाळायला शिकवले, नवे काही उभारायला नाही.

आणि काही घरांना शिडीच मिळाली नाही. अहमदनगर भागात मिशनकडे वळलेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतली होती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, दलित ख्रिस्तींना अजून नाही. गावात जात सुटली नाही आणि सवलत मात्र गेली, अशा घरातल्या चौथ्या पिढीला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणे हा अन्याय आहे. या प्रश्नासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. त्याच्यापुढची बाजू आणि प्रतिबाजू पुढच्या लेखांकात पाहू.