बेल्ट अडकवायचा कुठे?

कामाची जागा : लेखांक ६

वांगणी मागे पडली की ठाणे जिल्हा संपतो, आणि शेलूच्या आसपास भातखाचरांच्या मधोमध इमारतींचे सांगाडे दिसू लागतात. मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्यांसाठी ही घरं उभी राहतायत. ती उभारणाऱ्यांत जवळच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतले बिगारी आहेत, मराठवाड्यातून आलेली जोडपी आहेत, उत्तरेकडून आलेल्या सेंट्रिंग आणि प्लास्टरच्या टोळ्या आहेत. मागच्या लेखांकांत कारखान्यांबद्दल लिहिलं. आज बांधकाम, आणि त्यातली एकच गोष्ट : उंचीवरून पडणं.

एक मजला म्हणजे साधारण ३ मीटर. तेवढ्यावरून पडलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या घरात असतो. १२ मीटरवरून पडला तर ५५. एवढ्या वेळात हात पुढे करणंसुद्धा जमत नाही. म्हणून ‘लक्ष नव्हतं त्याचं’ हे अपघातानंतर हमखास ऐकू येणारं वाक्य मला कधीच पटलेलं नाही. डोक्यावर घमेलं, पायाखाली ओला स्लॅब आणि उन्हात आठ-दहा तासांचं काम, यात कुणाचं लक्ष एकदाही ढळणार नाही? ते ढळणारच, हे धरूनच जागा तयार करायची असते.

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. लिफ्टचा उघडा डक्ट, कठडा नसलेला जिना, स्लॅबची कड. त्याहून वाईट म्हणजे पाइपसाठी सोडलेलं भोक, ज्यावर प्लायचा सुटा तुकडा टाकलेला असतो. उघडं भोक निदान दिसतं. सुट्या प्लायवर माणूस जमीन समजून पाय ठेवतो, किंवा तो तुकडा दुसऱ्या कामाला हवा म्हणून उचलतो आणि तसाच एक पाऊल पुढे जातो. झाकण भक्कम हवं, खिळून पक्कं केलेलं हवं आणि त्यावर रंगानं ठळक खूण हवी. कडेला कमरेएवढा कठडा, त्याच्या मध्ये आणखी एक आडवा बार आणि तळाशी उभी फळी, म्हणजे वीट किंवा हातोडी घसरून खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. परांचीवर एकच फळी टाकून चालत नाही, पूर्ण रुंदीचा फलाट लागतो. आणि आपल्याकडच्या पावसात बांबूच्या गाठी सैल होतात, पायथ्याची माती खचते. जोराची सर येऊन गेली की परांची जाणकारानं तपासायची आणि मगच माणूस वर चढवायचा.

हे सगळं झाल्यावर बेल्टची पाळी. प्रत्यक्षात सुरुवातच त्याच्यापासून होते. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट आणि हार्नेस बेल्ट येतो. अनेक घरांत ती पेटी पोचलेली आहे. पण बेल्टचा हुक अडकवायला काहीतरी लागतं. वर पक्का आधार, त्याला बांधलेला लाइफलाइनचा दोर, आणि तोही असा की माणूस लटकला तरी तुटणार नाही. सेंट्रिंगच्या बल्लीला किंवा परांचीच्याच बांबूला हुक लावला तर पडणाऱ्याबरोबर तीही खाली येते. हा आधार मजूर घरून आणू शकत नाही. तो साइट चालवणाऱ्यानंच द्यायचा असतो. शिवाय बेल्टमध्ये लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली उतरवावं लागतं, कारण पट्ट्यांच्या दाबानं पायांतलं रक्त अडून तो बेशुद्ध होऊ शकतो. त्याला कोण आणि कसं उतरवणार, हे सकाळीच ठरलेलं हवं.

१० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीत वॉटरप्रूफिंगचं काम उरकून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. त्या माणसांनी कोणता बेल्ट लावला होता, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. यंत्राची तपासणी त्यांच्या हातात नव्हती. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये इमारत कोसळून ७४ माणसं मेली. इमारत बेकायदा, वर मजला चढत होता आणि खालच्या मजल्यांवर कामगारांची कुटुंबं राहत होती. अर्धवट बांधलेल्या इमारतीतच कामगारांचा संसार थाटण्याची ही सवय अजून गेलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा तिच्यात विलीन झाला. सुरक्षा साधनांसाठी कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे तिच्यात स्पष्ट आहे. कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही, आणि दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. मात्र दहापेक्षा कमी कामगारांचं बांधकाम, आणि ठरावीक खर्चापर्यंतचं स्वतःच्या राहण्याचं घर संहितेतल्या बांधकामाच्या व्याख्येबाहेर आहे. शेलू-नेरळच्या आतल्या भागात पाच-सहा माणसांवर चालणारी कामं किती आहेत, ते इथे फिरणाऱ्याला दिसतं. ही सूट मला चुकीची वाटते. दुसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याला खाली किती सोबती होते यानं काय फरक पडतो?

भरपाईच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक मजुराच्या घरी माहीत हवी. कामावर मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ‘त्यानं बेल्ट लावला नव्हता’ किंवा ‘तो प्यायला होता’ म्हणून मालकाला भरपाई नाकारता येत नाही. आणि माणूस उपठेकेदाराचा असला तरी दावा मूळ बिल्डरवर करता येतो. अडचण पुराव्याची येते. मजुरी रोख, हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि अपघात झाला की ती वही सापडत नाही. म्हणून त्या वहीच्या पानाचा फोटो दर आठवड्याला काढून घरी पाठवावा. पैसे मोबाइलवर येत असतील तर ते मेसेज पुसू नयेत. पोलिसांच्या पंचनाम्यात मजला, नेमकी जागा आणि तिथे कठडा होता की नव्हता हे लिहून घ्यावं, आणि तेही त्याच दिवशी, कारण दुसऱ्या सकाळपर्यंत तिथे कठडा लागलेला असू शकतो.

पुढच्या आठवड्यात : बंद टाकीत उतरण्यापूर्वी.