नोकरी सोडण्याचा ताळेबंद

एम.बी.बी.एस. होऊन रुग्णालयात रुजू झालेली मुलगी काही महिन्यांतच “नोकरी सोडून पीजीची तयारी करते” असे म्हणते, तेव्हा अकोला-अमरावतीच्या व्यापारी घरांत चिंता उमटते. चालू मिळकत सोडून अनिश्चित प्रवेशामागे जावे काय? या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच मेळघाटातील एक उदाहरण उपयोगी पडते.

शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन धारणी तालुक्यातील बैरागड येथे गेले. पहिल्या तपासणीचे दोन रुपये व पुढच्या खेपेस एक रुपया, एवढीच त्यांची फी होती. सेवेचा जम बसत असतानाच स्फोटात हाताला भीषण इजा झालेला रुग्ण त्यांच्यापुढे आला आणि आपले ज्ञान अपुरे असल्याची जाणीव त्यांना झाली. हाती घेतलेले काम थांबवून ते एम.डी. करण्यास परतले. त्यांनी विषय निवडला तो प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा. प्रबंधासाठी घेतले मेळघाटातील कुपोषण. पुढे पत्नी डॉ. स्मिता यांच्यासह ते पुन्हा बैरागडला गेले. 2019 मध्ये उभयतांना पद्मश्री लाभली.

येथे ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही, की काय कमी पडते आणि ते कोणासाठी मिळवायचे, हे ठाऊक असताना त्यांनी काम सोडले.

आज प्रवेश नीट-पीजीच्या गुणानुक्रमावर ठरतो. शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठीच्या सवलती वगळता, दवाखान्यातील अनुभवाला प्रवेशात स्वतंत्र गुण नाहीत. त्यामुळे अभ्यासाला सलग वेळ हवा, हे मुलांचे म्हणणे रास्तच आहे. मात्र राजीनाम्यापूर्वी देणी-घेणी पाहिली पाहिजेत. राज्यातील शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतली असल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती टाळल्यास दहा लाख रुपयांचा दंड आहे. नोकरी खासगी असली तरी नियुक्तिपत्रातील नोटिशीची मुदत पाळावी, अनुभवाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि उपचार चालू असलेले रुग्ण सहकाऱ्याच्या स्वाधीन करावेत. मध्येच सोडलेल्या रुग्णाचे नुकसान कोणत्याही दंडाने भरून येत नाही.

घराचाही हिशेब आधीच मांडावा. किती महिन्यांचा खर्च शिलकीत आहे? किती वेळा परीक्षा द्यायची? यश न आल्यास पुढे काय? मेडिकल कौन्सिलची नोंदणी हाती असल्याने नोकरीवर परतण्याची वाट बंद होत नाही. तेव्हा परतणे म्हणजे दिवाळे निघणे, असे कोणी मानू नये.

एवढे जुळल्यावर वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारावा: “रुग्णासमोर तुला काय कमी पडले?” उत्तर नेमके असेल, तर अडवू नये. उत्तरात केवळ कामाचा कंटाळा किंवा मैत्रिणींचे अनुकरण असेल, तर आणखी काही महिने रुग्णसेवेत राहणे हीच उत्तम पूर्वतयारी होय.