कोलशेत ते परळ : फेब्रुवारी १९४६

बाळकुमच्या शेजारचं कोलशेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे रॉयल इंडियन नेव्हीचं 'अकबर' हे किनाऱ्यावरचं केंद्र होतं. ठाण्याचा इतिहास सांगताना किल्ला येतो, तुरुंग येतो, १८५३ची आगगाडी तर येतेच; 'अकबर' मात्र फारसं कुणाच्या तोंडी येत नाही. फेब्रुवारी १९४६च्या नाविक उठावात इथले खलाशीही उतरले होते, म्हणून ही विस्मृती मला खुपते.

ठिणगी पडली मुंबईत, कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल केंद्रात. निकृष्ट जेवण, गोऱ्या-काळ्यांत भेदभाव, तिथल्या कमांडर किंगची शिवीगाळ. बलाईचंद दत्त या तरुण खलाशाला भिंतीवर घोषणा लिहिल्याबद्दल आधीच पकडलं होतं. १८ फेब्रुवारीला खलाशांनी जेवण नाकारलं आणि बघता बघता बंदरातली जहाजं व किनाऱ्यावरची केंद्रं संपात आली. एम. एस. खान संप समितीचे अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष.

२१ तारखेला कॅसल बराकीत गोळ्या सुटल्या. तिथे आधी मराठा पलटणीच्या जवानांचा पहारा होता. मग गोरे सैनिक आणले गेले. बराकीतल्या आणि जहाजांवरच्या पोरांची रसद तोडली, तेव्हा गेटवेपाशी लोक टोपल्या घेऊन आले. कुणी फळं आणली, कुणी दूध, कुणी पाव. दुकानदारांनी हवं ते घेऊन जा म्हटलं. बंदुका खांद्याला लावलेल्या देशी शिपायांनीही ते डबे-पुडे होड्यांत चढवायला हात लावला. या सबंध आठवड्यात मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून मुंबईत हरताळ पडला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचा त्याला विरोध होता, तरी गिरण्या बंद पडल्या. लष्कराच्या गाड्या गिरणगावात शिरल्या. परळमध्ये महिला संघाच्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. त्याच संघाच्या अहिल्या रांगणेकर पुढे १९७७मध्ये लोकसभेत निवडून गेल्या आणि त्या दिवसाची हकिगत सांगत राहिल्या. कमलताईंचं नाव टिकलं ते अशा सोबतिणींमुळे.

बाकीच्यांचं काय? सरकारी आकडा २२८ मृतांचा, जखमी हजारावर. गिरणगाव म्हणजे कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसं. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा जण राहणारी. त्यांच्या गावांतल्या स्मारकांवर १९४२ कोरलेलं दिसतं, १९४६ क्वचितच.

सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला संप मागे घेतला गेला. कुणावर सूड उगवला जाणार नाही, हे आश्वासन पाळलं गेलं नाही. पकडलेल्या अनेक खलाशांना मुलुंडच्या छावणीत डांबलं, म्हणजे पुन्हा ठाण्याच्याच वेशीवर. शेकडो जणांची नोकरी गेली. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला, तो नौदलातल्या बंडाची कारणं शोधायला. परळच्या रस्त्यावर गोळ्या कुणाच्या हुकमाने झाडल्या, हा त्याचा विषयच नव्हता.

खलाशांची बाजू दत्त यांनी स्वतः पुस्तक लिहून मांडली. पण खलाशांसाठी रस्त्यावर मेलेल्या गिरणी कामगारांची नावनिशीवार यादी अजून व्हायची आहे. ते काम परळ-लालबागच्या चाळींपासून आणि रत्नागिरी-साताऱ्याच्या गावांपासून सुरू करावं लागेल.