दीर्घ पदभ्रमण : शिधा व सामान

निवारा, पांघरूण, स्वयंपाकाची साधने व शिधा पाठीवर घेऊन दुर्गम मुलखातून अनेक दिवस पायी करावयाच्या प्रवासाची पूर्वतयारी. गिर्यारोहणाच्या मोठ्या मोहिमांत भारवाहक असतात व मुक्कामाचे तळ अगोदर वसविलेले असतात; दीर्घ पदभ्रमणात प्रवासी स्वतःच भारवाहक असतो. पाठीवरील ओझ्याचे दोन भाग मानतात : तंबू, कपडे, चूल इत्यादींचे स्थिर वजन आणि शिधा, इंधन व पाणी यांचे रोज घटणारे वजन. नवखा प्रवासी बहुधा पहिल्याचीच चिंता अधिक करतो. प्रत्यक्षात प्रवासाचा आराखडा ठरतो तो दुसऱ्यावरून.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यातील जॉन म्यूर मार्ग हे याचे बोलके उदाहरण होय. निसर्गलेखक जॉन म्यूर (१८३८–१९१४) यांच्या नावाने १९१५ मध्ये बांधावयास घेतलेला व १९३८ मध्ये पुरा झालेला हा सु. ३४० किमी. लांबीचा मार्ग योसेमिटी दरीतून निघून सिएरा नेवाडा पर्वतामधून मौंट व्हिटनी (४,४२१ मी.) या शिखरावर संपतो. तो चालून जाण्यास सामान्यतः तीन आठवडे लागतात. म्यूर स्वतः पाव व चहा एवढ्या शिध्यावर या पर्वतात भटकत. पण त्यांचे अनुकरण करण्याची शिफारस कोणी जाणता करणार नाही.

दिवसाकाठी १५ ते २० किमी. चढउतार करणाऱ्या प्रौढ व्यक्तीस साधारणतः ३,००० ते ४,००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून प्रत्येक ग्रॅममागे सु. ४, तर स्निग्ध पदार्थांपासून सु. ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणून शेंगदाणे, बदाम, तेल, तूप, चीज यांचे प्रमाण वाढविल्यास रोजचा कोरडा शिधा ७०० ते ९०० ग्रॅ.मध्ये बसविता येतो. उंचीवर पहिले काही दिवस भूक मंदावते व दुसऱ्या आठवड्यापासून ती अनावर होते. तेव्हा सर्व दिवसांसाठी सारखाच शिधा बांधणे चुकीचे ठरते. शिवाय ३,००० मी. उंचीवर पाणी सु. ९०° से. तापमानालाच उकळत असल्याने डाळ वा साधा तांदूळ शिजविण्यात इंधन वाया जाते. शेवया, पोहे, सातूचे पीठ किंवा आधी शिजवून वाळविलेले अन्न अशा ठिकाणी सोयीचे.

या मार्गाच्या बऱ्याच भागांत अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या टणक डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. माणसांच्या अन्नाची चटक लागलेली अस्वले मुक्कामांवर येऊ लागतात आणि शेवटी अनेकदा त्यांना ठार मारावे लागते. मोठ्या डब्याची धारणक्षमता सु. ११ लिटर व वजन सु. १ किग्रॅ. असते, त्यात एका माणसाचा जेमतेम सात दिवसांचा शिधा मावतो. वास येणारी दंतधावनाची पेस्ट व साबणही त्यातच ठेवावे लागतात, हे बहुतेकांना पहिल्या संध्याकाळी कळते. परिणामी येथे वजनाइतकेच आकारमानालाही महत्त्व येते. पोहे हलके पण फुगीर, तर शेंगदाणे, गूळ व सुकामेवा घट्ट बसणारे. बाजारातील वेष्टने काढून पदार्थ साध्या पिशव्यांत भरले, तर बरीच जागा वाचते.

खरी अडचण उत्तरार्धात येते. मार्गाच्या साधारण मध्यावर असलेल्या म्यूर ट्रेल रँच या ठिकाणी प्रवासी आपला शिधा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भरून टपालाने आगाऊ पाठवितात. तेथून व्हिटनीमार्गे खाली मोटाररस्त्यापर्यंत सु. १८० किमी. अंतर आहे व त्यात मार्गालगत शिधा मिळत नाही. रोज १८ किमी. चालीने दहा दिवस लागतात आणि डबा तर सात दिवसांचा. तेव्हा रोज सु. २५ किमी. चालावे, किंवा कियरसार्ज खिंड ओलांडून सु. १२ किमी.वरील ऑनियन व्हॅली येथे उतरावे व शिधा घेऊन तितकेच अंतर परत चढावे, एवढेच पर्याय उरतात. हा निर्णय घरी नकाशा व तराजू समोर ठेवून घ्यावयाचा असतो. याच्या उलट, भीतीपोटी अती शिधा पाठविणारेही पुष्कळ असतात. रँचवर नको असलेले अन्न टाकण्यासाठी पिंपे ठेवलेली असून तिसऱ्या आठवड्यात नकोसे होणारे ओटचे पीठ त्यांत विपुल आढळते.

सामानाबाबत मतभेद अधिक, पण महत्त्व कमी. एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या बाईंनी १९५५ मध्ये सु. ३,५०० किमी. लांबीचा ॲपालॅचिअन मार्ग कापडी बूट घालून, खांद्यावरच्या कापडी पिशवीत घोंगडी व प्लॅस्टिकचा पडदा घेऊन, तंबूवाचून पार केला. सिएराच्या उंच भागात मात्र भर उन्हाळ्यातही रात्री तापमान गोठणबिंदूजवळ येते व दुपारी गडगडाटी पाऊस होतो. निवारा, ऊबदार पिशवी, जमिनीची थंडी अडविणारी चटई व कोरडा ठेवलेला एक कपड्यांचा जोड यांत काटकसर करू नये. पक्ष्यांच्या मऊ पिसांची पिशवी वजनाने हलकी, पण भिजल्यास निरुपयोगी. उंच भागात लाकडे जाळण्यास मनाई असल्याने वायूची चूल लागते. अर्धा लिटर पाणी उकळण्यास ७ ते १० ग्रॅ. वायू धरून नळकांड्यांची संख्या काढतात. दोन मुक्कामांची चाचणी-सहल केल्यास अनावश्यक वस्तू आपोआप उघड्या पडतात.

सह्याद्रीत पायथ्याच्या गावांतून भाकरी-पिठले मिळत असल्याने शिध्याचे ओझे बेताचे असते. तेथे हेच गणित पाण्याला लावावे लागते. फेब्रुवारीनंतर अनेक किल्ल्यांवरील खडकात खोदलेली टाकी आटतात. उन्हात माणशी ४ ते ५ लिटर, म्हणजे तितकेच किग्रॅ. पाणी धरावे लागते. म्हणून मुक्कामाची जागा ठरविण्यापूर्वी कोणत्या टाक्यात पाणी उरले आहे, ते पायथ्याच्या गावात विचारून घेतात.